ढब्बू जिन्याने उतरतो

“काका, हा कुत्रा एक दिवस तुम्हालाच खाऊन टाकेल, अशी भीती नाही वाटत तुम्हाला?”

प्रश्न माझा नव्हता. तो कॅप्टनने तयार केला होता, चष्मिसने त्यात ‘एक दिवस’ घातलं होतं आणि विचारायचं काम माझ्याकडे आलं होतं. अशी कामं माझ्याकडेच येतात. या शाळेत मी नववीत आले, पहिल्याच महिन्यात वक्तृत्वाचं बक्षीस मारलं आणि तेव्हापासून माझी जीभ जी सुटली आहे ती सुटलीच आहे. पीटीच्या सरांना “सर, तुम्ही स्वतः शेवटचे कधी पळालात?” हे मी विचारलं आहे. मुख्याध्यापिका बाईंना त्यांचा अंबाडा खरा आहे का, हेही मीच विचारलं आहे. (अर्धा खरा आहे.) जुन्या शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा मी लाल व्हायचे, हे इथे कुणाला सांगून पटत नाही.

शाळेच्या मागच्या भिंतीलगत एक रस्ता आहे. घंटा झाली की कॅप्टन, चष्मिस आणि मी अशा आम्ही तिघी मैत्रिणी तिथूनच निघतो, कारण वर्दळ नसते आणि मोठ्याने हसता येतं. त्या दिवशी रस्त्यात तो माणूस उभा होता. बुटका, अंगात कामाचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर. हातात साखळी आणि साखळीला त्याच्याहून रुंद छातीचा काळा रॉटवायलर, तोंडाला मुसकं. आम्ही दिसताच त्याने साखळीचे दोन वेढे मनगटाला घेतले, कुत्र्याला खाली बसवलं, स्वतः त्याच्या आणि आमच्या मध्ये आला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.

“बघ, मागच्या आठवड्यात वर्गाच्या खिडकीतून पण दिसला होता हा,” कॅप्टन कुजबुजली. “असले कुत्रे पाळणारे लोक मुळातच गुंड असतात. माझे पप्पा म्हणतात.”

“हा गुंड? मला तर कुत्र्यानेच ह्याला पाळल्यासारखं वाटतंय,” चष्मिस म्हणाली.

“मग जा ना, विचार त्याला. का फाटली?” कॅप्टन मला म्हणाली.

मी निघाले. दहा-बारा पावलं होती. मध्ये कुठेही थांबून “अगं, हे माझे बाबा आहेत” एवढं म्हणता आलं असतं. सात मिनिटांचं भाषण पाठ करणाऱ्या मुलीला पाच शब्द काही जड नव्हते.

मी ते पाच शब्द सोडून दुसराच प्रश्न विचारला. वर लिहिलाय तो. मोठ्या, स्वच्छ, बक्षीसपात्र आवाजात.

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरून मागे, तोंडावर हात धरून उभ्या असलेल्या दोघींकडे पाहिलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. बिघाड कोणत्या मजल्यावर आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यांना काहीही सांगावं लागलं नाही.

“नाही हो ताई,” ते म्हणाले. “म्हातारा झालाय तो. जेवणसुद्धा भिजवून द्यावं लागतं त्याला.”

ताई.

ढब्बूला मात्र हे नाटक कुणी समजावून सांगितलं नव्हतं. (हो, नाव ढब्बू. एवढ्या धिप्पाड कुत्र्याला हे नाव मीच ठेवलं, दुसरीत असताना.) तो मागचे पाय ओढत उठला, मुसक्यासकट डोकं माझ्या पोटात खुपसलं आणि सगळं बूड हलवत कुंई कुंई करायला लागला, मी घरी आल्यावर करतो तसाच. मागे कॅप्टन किंचाळली. चष्मिस तिच्याहून मोठ्याने किंचाळली.

बाबांनी साखळी ओढली. “माफ करा हं ताई. सगळ्यांनाच करतो तो असं.”

सगळ्यांना करत नाही. जगात तीनच माणसांना करतो. माझा हात आपोआप त्याच्या कानाकडे गेला होता. तो मी तसाच खाली आणला, युनिफॉर्मवर पुसला आणि म्हणाले, “शी! लाळ!”

परत आले तेव्हा दोघींनी माझी पाठ थोपटून लाल केली. “काय डेरिंग आहे गं तुझं!” कॅप्टन म्हणाली. मी हसले. नाक्यापर्यंत हसतच होते.

ढब्बू आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. एका गोदामाची मालाची लिफ्ट बाबा बघायचे. गोदाम बंद पडलं, माणसं गेली, राखणीचा कुत्रा साखळीलाच राहिला. शेवटचे सुटे भाग काढायला गेलेले बाबा टूलबॅग एका खांद्यावर आणि साखळी दुसऱ्या हातात असे घरी आले. आई दारातच म्हणाली, “हे काय आणलंत?” बाबा म्हणाले, “दोन दिवस.” त्याला सात वर्षं झाली.

सात वर्षांत तो कुणाला चावलेला नाही. पण त्याला पाहिलं की लोक रस्ता बदलतात, आया पोरांना उचलून घेतात, आणि त्या सगळ्यांची माफी बाबा मागतात. कुणी काही बोलायच्या आतच मागतात. मुसकं कुणी घालायला सांगितलं नव्हतं, ते त्यांनीच आणलं. नाक सोलवटू नये म्हणून आतून मऊ नमद्याची पट्टी शिवली. आईची तऱ्हा वेगळी. ती दवाखान्यात पट्ट्या बांधते आणि भांडायला आकडेवारी घेऊन उतरते. “चावलेली माणसं माझ्याकडेच येतात,” असं ती जिन्यात उभी राहून ऐकवते. “पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या त्या पांढऱ्या कापसाच्या बोंडाने तीन जणांना फोडलंय. आमच्या ढब्बूचा एक तरी पेशंट दाखवा!”

“जाऊ दे गं,” बाबा म्हणतात. “घाबरलेल्या माणसाशी काय भांडायचं? लिफ्टमध्ये अडकलेले लोकही मला शिव्याच घालतात. आधी त्यांना बाहेर काढायचं.”

आणि माझी तऱ्हा? मी आधी तो लॅब्रॅडॉर आहे असं सांगायचे. नव्या शाळेत आल्यावर आमच्याकडे कुत्राच नाही असं सांगायला लागले. ते जास्त सोपं पडलं. एका रात्री जेवताना मीच म्हटलं, “बाबा, शाळेच्या बाजूला नका ना आणू ढब्बूला.” बाबांनी थोडा विचार केला. बागेत बंदी होती, बाजाराच्या रस्त्यावर गर्दी; मोकळा असा तो मागचाच रस्ता होता. “घंटेच्या आधी परत येत जाईन,” ते म्हणाले. “तुला दिसणारसुद्धा नाही.”

पहाटे सहाची ड्युटी करून तीनला घरी येणारा माणूस, चहा न घेता त्याला घेऊन निघायचा. महिनाभर मला खरंच दिसला नाही.

नाक्यावर अर्धा तास गप्पा मारून मैत्रिणी वळल्या आणि मी घरी आले. आमची इमारत पाच मजली, आम्ही चौथ्यावर. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. जिना तिच्या भोवतीने वळत वळत वर जातो. लिफ्टमध्ये आरशाखाली एक पाटी आहे: ‘मोठे कुत्रे आणू नयेत.’ इमारतीत मोठा कुत्रा एकच. सोसायटीने पाटी करून आणली तेव्हा ती बसवायला स्क्रू कुणाकडे असणार? बाबांनीच बसवली. चार स्क्रू, लेव्हल लावून, एकदम सरळ. या लिफ्टचं तेलपाणीसुद्धा तेच करतात. मी आजवर त्या पाटीसमोर रोज भांग नीट केला आहे.

मी बटण दाबलं. लिफ्ट वर निघाली आणि पहिला मजला गेल्यावर मला नखांचा आवाज आला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते दोघं होते. बाबांनी जुना टॉवेल ढब्बूच्या पोटाखालून घातला होता आणि त्याची दोन्ही टोकं धरून ते त्याचं मागचं धड उचलत होते. एक पायरी. थांबायचं. दुसरी पायरी. शर्ट पाठीला चिकटला होता. लिफ्टचा आवाज ऐकून बाबा थांबले. आत कोण आहे ते त्यांना कसं कळणार? त्यांनी ढब्बूला भिंतीशी बसवलं, स्वतः जाळीच्या आणि त्याच्या मध्ये आले आणि जमिनीकडे बघत उभे राहिले.

मी त्यांच्यासमोरून वर गेले. त्यांना दिसले की नाही, ठाऊक नाही. ढब्बूला वास आला असणार, कारण खालून कुंई ऐकू आली.

थांबायचं बटण कुठलं ते मला तिसरीपासून माहीत आहे. बाबांनीच शिकवलं होतं. ‘घाबरायचं नाही, हे दाबायचं.’ मी नाही दाबलं.

ते वर पोचेपर्यंत माझे हातपाय धुऊन झाले होते, कपडे बदलून झाले होते आणि पुस्तकही उघडून झालं होतं. बाबांनी मुसकं काढून खुंटीला अडकवलं. ढब्बू पाणी प्यायला आणि प्यायल्याबरोबर येऊन माझ्या पायांवर पडला, पूर्ण वजनाने. बाबा माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“उशीर झाला गं अलार्म. सव्वातीनलाच निघालो होतो. उतरतानाच बसला जिन्यात, उठेचना. आता दुसरीकडे कुठेतरी नेईन.”

अलार्म म्हणजे मी. जन्मले तेव्हा इतकी रडले म्हणे, की बाबांना वाटलं कुठे तरी लिफ्ट अडकली.

ते माझी माफी मागत होते. मी पुस्तकातलं एकच वाक्य चार वेळा वाचलं.

आई दवाखान्यातून आली ती पिशवी आपटतच. “काय झालं शाळेपाशी?”

“कुठे काय?” बाबा म्हणाले.

“पहिल्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या. तुमच्या राक्षसाने शाळेच्या पोरीवर झडप घातली म्हणे, पोरी किंचाळत होत्या. लांब कोपऱ्यावरून पाहिलं त्यांनी, पोरगी पाठमोरी होती म्हणे. उद्या सेक्रेटरींना सांगणार. रविवारच्या मीटिंगमध्ये कुत्रा ठेवायचा की हलवायचा ते ठरवणार आहेत. मी सांगितलं, आमचा ढब्बू झडप घालत नाही, त्याला तेवढं उठताच येत नाही! पण तुम्ही सांगा ना, खरं काय?”

बाबा कप पुसत होते. तो कप कोरडाच होता.

“जरा अंगावर गेला एका मुलीच्या,” ते म्हणाले. “लागलं नाही तिला. चूक माझीच, साखळी सैल राहिली.”

“तुमची साखळी? सैल?” आईचा विश्वास बसेना. “कोण मुलगी होती?”

“असेल कुणाची तरी. युनिफॉर्ममध्ये सगळ्या सारख्याच दिसतात.”

“आणि ती ओरडली?”

“नाही. ती नाही ओरडली. धीट होती फार.” बाबांनी कप फळीवर ठेवला. “मैत्रिणींनी पाठवलं असणार तिला. त्या वयात चालायचंच.”

ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं. त्यांना खरंच असं वाटत होतं. ढब्बूवर आळ आला तरी चालेल, ढब्बू घरातून गेला तरी आपण काय ते सोसू, पण त्या मुलीचं नाव निघायला नको. सात वर्षं कुत्र्याच्या आणि लोकांच्या मध्ये जसे उभे राहिले, तसेच आता माझ्या आणि आईच्या मध्ये उभे होते.

ढब्बूने माझ्या पायावर डोकं ठेवून मोठा सुस्कारा सोडला. मुसक्याच्या कडेने नाकावर पडलेली रेघ अजून गेली नव्हती.

“ती मी होते,” मी म्हणाले.

बक्षीसपात्र आवाज कुठे गेला कोण जाणे. हे जुन्या शाळेतल्या ‘हजर’सारखं बाहेर आलं. आईला ऐकू गेलं नाही. म्हणून परत म्हणावं लागलं.

“ती मुलगी मी होते. त्याने झडप नाही घातली, तो मला भेटायला आला. मी बाबांना काका म्हणाले. मैत्रिणी होत्या ना.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मी वाट बघत होते. दवाखान्यातली सगळी आकडेवारी माझ्यावर येऊन पडेल असं वाटलं होतं.  आईने खाली वाकून ढब्बूच्या नाकावरची ती रेघ अंगठ्याने हळूच चोळली.

“जाऊ दे गं,” बाबा तिला म्हणाले. “लहान आहे.”

“मी लहान नाहीये,” मी म्हणाले आणि उभी राहिले. ढब्बूचं डोकं पायावर होतं, त्यामुळे एका पायावर. नाक वाहत होतं, ते बाहीला पुसलं. “मी ठरवलंय. आजींकडे मी आत्ता जाते आणि पोरगी कोण होती ते सांगते. सेक्रेटरींनाही मीच सांगणार, मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. आणि बाबा, उद्या तुम्ही घंटेच्या आधी परत फिरायचं नाही. घंटा होईपर्यंत थांबायचं, मागच्या भिंतीशी नाही, मोठ्या गेटवर. येताना ढब्बूला लिफ्टने आणायचं. पाटी मी काढते, तुम्ही फक्त स्क्रूड्रायव्हर द्या.” एवढं बोलून झाल्यावर आवाज पुन्हा बसला, पण अजून एक राहिलं होतं. “आणि मला ताई नाही म्हणायचं. अलार्म म्हणायचं. गेटवरून, मोठ्याने.”