आईचं हाड

पुवाची दुर्गेश्वरीला कधी किळस आली नाही. बोदलकसाच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराची पोर ती, लहानपणापासून मासोळ्या साफ करत आलेली. सहा वर्षांच्या चंचलच्या पायाची पट्टी ती रोज स्वतः सोडायची. सासू सुशिलाबाई तेव्हा नाकाला पदर लावून ओसरीत जाऊन बसायच्या. नात लाडकी, पण लांबून!

पोरीच्या पायावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक गेलं होतं. जखम चिघळली, नडगीचं हाड सडलं, गोंदियाच्या डॉक्टरांनी सडकं तेवढं काढून टाकलं. मागे राहिली चार बोटांची पोकळी. आता पोरगी उभी राहणार कशावर?

डॉक्टरांनी सगळं समजावलं. चंचलच्याच कमरेच्या हाडातला मगज सुईनं ओढायचा, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या, पोकळीत दुसरं हाड बसवायचं आणि त्या पेशी त्यावर सोडायच्या. त्यांच्यातून नवं हाड धरतं. पोरीचं स्वतःचं हाड एवढंसं, ते पुरणार नाही. पण दान केलेलं हाड हाडांच्या पेढीतून मिळतं.

"कोनाचं? कोन्या जातीचं?" सुशिलाबाई ताडकन म्हणाल्या. "मेलेल्या मानसाचं हाड आमच्या घरात नाई चालत. आमी उच्च कुळाचे, आमचे वाडवडील माळव्यातून आले, साहेब!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग आईच्या नाहीतर बापाच्या पायातलं बारकं हाड चालेल, म्हणाले, ते काढलं तरी चालणं अडत नाही. चंचलचा बाप खुमेंद्र आपल्या चपलेकडे पाहत राहिला. "माहा धानाचा रोवना चालू आहे," असं काहीतरी पुटपुटला. काय तो बाप!

"माह्या पायातलं काढा," दुर्गेश्वरी म्हणाली.

तेव्हा मात्र सुशिलाबाईंनी जात विचारली नाही. लग्नाला सात वर्षं झाली, ढिवराची म्हणून सुनेला त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या गुंडीला हात लावू दिला नव्हता. तिचं हाड मात्र चाललं. नात लंगडी राहिली तर उद्या तिला करून कोण घेणार?

ऑपरेशन होऊन आठ महिने गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरला आणि म्हणाले, "जुडलं." चंचल भिंतीला न धरता दारापर्यंत गेली आणि हसत परत आली. दुर्गेश्वरीला रडूच फुटलं.

सुशिलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "साहेब, हे हिचं हाड पोरीत असंच राहीन का जनमभर?"

"नाही हो आजी," डॉक्टर खुशीत होते. "आईचं हाड हळूहळू विरतं, त्या जागी पोरीचं स्वतःचं भरतं. दोन-अडीच वर्षांत आईचं काहीच उरणार नाही."

सुशिलाबाईंनी दोन्ही हात जोडले. "सुटलो रे बापा!"

दुर्गेश्वरीला किळस आली. पू पुसताना कधी आली नव्हती, ती आत्ता आली. शी! तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा चपलेकडेच पाहत होता.

"ये वं माही बाई," म्हणत सुशिलाबाईंनी नातीला घ्यायला हात पसरले. दुर्गेश्वरी मध्ये उभी राहिली.

"थांबा. अडीच वर्सं आहेत अजून. तवर हिच्यात मी आहो. मले गुंडीले हात लावू देत नाई ना? मंग तुमीबी हिले हात लावू नोका."

तिनं चंचलचं बोट धरलं आणि माहेरी, बोदलकसाला जायची गाडी किती वाजता आहे, ते डॉक्टरांनाच विचारलं.