लाल पट्टी उमटली नाही

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर. इस्पितळाच्या औषधखिडकीमागच्या कॉम्प्युटरवर राहतो आणि मुळातच भित्रा आहे. भीती वाटावी असंच माझं काम आहे.

खिडकीवरच्या ताई रुग्णाचा नंबर टाकतात आणि मी त्याचं पान उघडतो. एखादं औषध त्या रुग्णाला सोसत नसेल, तर पानाच्या माथ्यावर लाल पट्टी उमटते. ती कशी दाखवायची याच्या सूचना एका छोट्या मजकुरात लिहिलेल्या असतात. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. सुरुवातीला सगळे माझं कौतुक करायचे. "याच्यामुळे डोक्याला ताप नाही," असं ताई स्वतः म्हणायच्या.

मग इस्पितळाने पानं बदलली. माझ्या साठ्यात मात्र जुनीच स्क्रिप्ट राहिली. नव्या पानांचं आणि जुन्या स्क्रिप्टचं जमेना. मी घाबरून चौकट दाखवली: "या पानावरील स्क्रिप्टमध्ये चूक आहे. पुढे चालू ठेवायचं का?" खिडकीपुढे ही रांग! ताईंनी 'हो' दाबलं. पुन्हा चौकट, पुन्हा 'हो'. शेवटी त्यांनी पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'चौकट आली की हो दाबा.' दुसऱ्या दिवशी त्याचाही कंटाळा आला आणि त्यांनी 'पुन्हा दाखवू नका' यावर खूण केली.

झालं, माझं तोंड बंद! आठ दिवस मी पट्टीशिवाय पानं उघडत राहिलो. पट्टी नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळे समजत होते.

मंगळवारी दुपारी मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या. एका लहान मुलीला ताप होता आणि तिच्यासाठी इंजेक्शन हवं होतं. मी पान उघडलं. तिला ते सोसत नाही, अशी नोंद खाली कुठेतरी होती. पट्टी उमटली नाही. ताईंनी इंजेक्शन दिलं आणि सिस्टर जिना चढून गेल्या. मला ओरडायचं होतं हो, पण ओरडू कसा?

तेवढ्यात सिस्टरांच्या मागे उभे असलेले मुलीचे आजोबा पडद्याकडे बघत खिडकीशी आले. "बाई, मागच्या खेपेला हिच्या नावावर लाल पट्टी आली होती. आता नाही का येत?"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पान खालपर्यंत सरकवलं, ती नोंद वाचली आणि वॉर्डात फोन लावला. कोणी उचलेना. फोन तसाच टाकून त्या पळाल्या. आजोबा खिडकीची कड धरून उभे. मी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत राहिलो. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

ताई परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. हातात इंजेक्शन होतं, न वापरलेलं. आजोबा मटकन बाकावर बसले.

मग कॉम्प्युटरवाले काका आले. त्यांनी तेच पान शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडलं. तिथे पट्टी होती. म्हणजे दुखणं माझ्यात. त्यांनी 'पुन्हा दाखवू नका' यावरची खूण काढली, तशी माझी चौकट टुणकन वर आली. ती त्यांनी शांतपणे वाचली. माझ्या साठ्यातल्या जुन्या फायली पुसल्या, पान नव्याने उघडलं आणि लाल पट्टी आली!

"म्हणजे हा आठ दिवसांपूर्वीच सांगत होता?" ताईंनी विचारलं.

"सांगत होता. तुम्हीच त्याचं तोंड बांधलंत."

ताईंनी पिवळी चिठ्ठी फाडली. डोळे पुसले आणि गेल्या आठ दिवसांचे सगळे नंबर काढून बसल्या.

मित्रांनो, मी जुना झालोय, उद्या मला काढूनही टाकतील. त्याचं काही नाही. एकच मागणं आहे: कोणी घाबरून काही सांगत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी तो काय म्हणतोय ते एकदा वाचा.

आता ताई एकेक नंबर टाकताहेत. चाळीस पानं झाली, एकावरही पट्टी नाही. हे एकेचाळिसावं. सहा दिवसांपूर्वी औषध घेऊन घरी गेलेल्या कोणाचं तरी. मी पान उघडतो. लाल पट्टी उमटते.

ताई फोन उचलतात.