घासून लख्ख झालेला काळा गोळा

मित्रांनो, पाण्याच्या टाकीत नळ बंद करायला एक गोळा तरंगत असतो, तशाच एका गोळ्यापासून मी झालो. अंग तांब्याचे, आतून पोकळ. पाण्यावर मात्र मी एक दिवसही तरंगलो नाही. नम्रता मॅडमनी मला सावंतवाडीच्या बाजारातून आणले, वरून भोक पाडले, बुचातून आत थर्मामीटर सोडला आणि बाहेरून बिनचमकीचा काळा रंग दिला. मॅडम एका छोट्या तंत्रनिकेतनात शिकवत.

हवा किती तापली ते साधा थर्मामीटर सांगतो. पण तापलेला पत्रा, भिंत, चूल, एवढेच काय माणसाचे अंगही न दिसणारी उष्णता फेकत असते, आणि तिला यायला हवा लागत नाही. काळे अंग ती जवळजवळ सगळी पिऊन घेते. मी चहूबाजूंनी घेतो, थोडी परत फेकतो. वीसेक मिनिटांत देणे-घेणे बरोबरीत येते आणि पारा थांबतो. त्यात मला सुख वाटत नाही, दुःखही नाही.

मॅडम वर्गात सांगत, की नेमके गणित करायचे तर प्रत्येक पत्र्याचे आणि भिंतीचे तापमान हवे, कोण कोणाला किती दिसते ते हवे, शिवाय तापमानाचा चौथा घात. मग फळा पुसून त्या म्हणत, की भोवतालचे सगळे मिळून एकच तापमान धरा आणि फरक थोडा असेल तर चौथ्या घाताऐवजी सरळ रेषा धरा. एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे साधारण सहा वॉट. अंदाजच तो, पण कामाला पुरतो. फक्त अंग काळे हवे, हे त्या अगदी शेवटी सांगत. तोवर घंटा झालेली असे.

दोडामार्गच्या रस्त्याला सत्यवान यांचा काजूचा कारखाना आहे. लांबलचक शेड, वर सिमेंटचा नव्हे, लोखंडी पत्रा. तिथे चौदा बायका काजूबिया फोडायला बसत. त्यांतल्या सीताबाई सर्वांत जुन्या. डोके भाजते, असे त्या दर उन्हाळ्यात सांगत आणि सत्यवान भिंतीवरचा थर्मामीटर दाखवत. पस्तीस. तेवढे तर सगळीकडेच असते, असे त्यांचे म्हणणे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनीच मॅडमना बोलावून घेतले.

मला सीताबाईंच्या डोक्याजवळ टांगले. हवा पस्तीस, मी बेचाळीस. सत्यवान बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आठवड्याच्या आत पत्र्यावर माडाच्या चुडतांची, म्हणजे नारळाच्या झावळ्यांची, विणलेली झापे चढली आणि मी सदतिसावर आलो. त्या दिवशी बायकांनी माझे फार कौतुक केले. कॉलेजच्या वार्षिक अंकात माझा फोटो आला.

मग मॅडमची बदली झाली आणि मी प्रयोगशाळेच्या कपाटात गेलो. दोन पावसाळ्यांत ती झापे कुजून गेली. इकडे कॉलेजात तपासणीचे पथक येणार म्हणून साफसफाई निघाली. किशोरीताई तिथे झाडलोट करीत. काळवंडलेले तांबे त्यांना बघवले नाही. आमसुलांनी आणि राखेने त्यांनी मला अर्धा दिवस घासले. रंग निघाला, मी लख्ख झालो. पथकातल्या एका साहेबांनी मला हातात घेऊन वाहवा केली.

एप्रिलात सत्यवाननी पुन्हा कॉलेजात फोन केला. झापे घालायला हवीत का, एकदा मोजून सांगा म्हणाले. या वेळी ओमकार सर मला घेऊन गेले. ते नवे होते, काळ्या रंगाचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी त्याच खिळ्याला टांगला गेलो. वरून पत्रा तशीच आग फेकत होता आणि माझ्या चकचकीत अंगावरून ती परत जात होती. पारा छत्तिसावर थांबला.

सीताबाई सरांजवळ येऊन काहीतरी सांगू लागल्या. सर आकडा लिहून घेत होते. सत्यवाननी तो वाचला आणि झापे पुढच्या वर्षी घालू म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी सीताबाई बसल्या जागी कोसळल्या. अंग तव्यासारखे तापले होते, घाम मात्र नव्हता. गोव्याच्या इस्पितळात त्या बारा दिवस होत्या. जीव वाचला. हात थरथरतात ते कायमचे. बी धरता येत नाही.

ओमकार सरांनी नम्रता मॅडमना फोनवर सगळे सांगितले, तेव्हा मॅडमनी एकच विचारले, गोळ्याचा रंग कसा आहे. सर कपाटापाशी आले, मला बाहेर काढले आणि तिथेच स्टुलावर बसले. किशोरीताई दारात उभ्या होत्या.

"माकाच तो चकचकीत बरो दिसलो," त्या म्हणाल्या. संध्याकाळी ताईंनीच मला रॉकेलच्या चिमणीवर धरले आणि फिरवून फिरवून काजळीने काळे केले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी त्रेचाळीस दाखवले. झापे चढली.

तिथून सर मला पिशवीत घालून सीताबाईंच्या घरी गेले. त्यांनी सगळे खरे सांगितले, काही राखले नाही. सीताबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या, हात मांडीखाली दाबून.

"गोळ्यार माजो राग नाय," त्या म्हणाल्या. "पण सर, मी सांगी होतंय तेवां तुमी गोळ्याकडेच बघी होतास."

मित्रांनो, माझ्यासारखी उपकरणे घासण्याआधी ती कशासाठी आहेत ते विचारा, त्यांना जपा. पण माझे मागणे तेवढेच नाही. ओमकार सर आता मला टांगतात आणि पारा थांबेपर्यंतची वीस मिनिटे एकेका बाईजवळ जाऊन बसतात. ती काय म्हणते ते वहीत आधी लिहितात. माझा आकडा त्याच्या खाली येतो.