तपासल्याची सही

विभागप्रमुखांच्या खोलीतल्या भिंतीवर प्रकाशाचा एक चौकोन पडला होता आणि त्या चौकोनात एक घर उभं होतं: पत्र्याचं छप्पर, दारात उलटी टेकवलेली सायकल, कठड्यावर वाळत घातलेली चादर. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत रेलून त्या चित्राकडे बघत होते. घाई अशी त्यांना नव्हतीच.

"हा त्या नियतकालिकाचा पत्ता," अखेर ते म्हणाले. "आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणे! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा."

विभागप्रमुख हसले. ग्रंथपालबाईंनीही, रीत म्हणून, ओठ थोडे हलवले. टेबलाच्या टोकाला बसलेली मुलगी मात्र वहीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

विभागात तिला 'तळटीप' म्हणत. कुठे निघालीस विचारलं तरी ही खाली संदर्भ देईल, अशी थट्टा चाले. विणकामाच्या कारखान्यांत यंत्रांच्या खडखडाटात बायकांचे कान कसे विझत जातात, यावर तिने सहा वर्षं घालवली होती. तिच्या आईचे कान तिथेच गेले होते. प्रबंधाचं चौथं प्रकरण बाराशे कामगार बायकांच्या श्रवणचाचण्यांच्या तक्त्यावर उभं होतं आणि तो तक्ता तिला इंटरनेटवर, या नियतकालिकात सापडला होता. परीक्षकांनी त्याच्यामागे एक दुपार घालवली. लेखकाचं विद्यापीठ अस्तित्वात नव्हतं. ज्या रुग्णालयाचा हवाला होता, तिथे असं काही घडलंच नव्हतं.

"बाराशे बायका," परीक्षक म्हणाले. "एकीचाही कान कुणी तपासलेला नाही. कान सोडा, बायकाच नाहीत! तुम्ही खात्री तरी केली होती का?"

"हो, सर."

"कशी?"

"बाईंनी शिकवली तशी. छापतं कोण, संपादक कोण, तीच माहिती आणखी कुठे मिळते का. आणखी कुठे नव्हती मिळाली. पण संपादक मंडळात ओळखीचं नाव होतं, म्हणून..."

"कुणाचं?"

मुलीने विभागप्रमुखांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. परीक्षकांनी संपादक मंडळाचं पान भिंतीवर आणलं. सहा नावं होती. सहाही परकी.

"यातलं?"

"तेव्हा होतं, सर. दोन वर्षांपूर्वी. तपासणीपत्रावर लिहून ठेवलंय मी. ते बाईंकडे आहे."

तपासणीपत्र ही ग्रंथपालबाईंची स्वतःची पद्धत. विद्यापीठाने कधी मागितली नव्हती, त्यामुळे त्याची दुसरी प्रतही कुठे नसे. प्रत्येक महत्त्वाच्या संदर्भासाठी संशोधकाने एक कागद भरायचा, बाईंनी तो संदर्भ स्वतः उघडून पाहायचा आणि मग सही करायची. दर वर्षीच्या नव्या तुकडीला त्या सांगत, "नावाला भुलू नका. पाणी कुठून येतंय ते चालत जाऊन बघा."

फाइल त्यांच्या मांडीवर होती. कागद वरून तिसरा. मुलीच्या मुंगीएवढ्या अक्षरात विभागप्रमुखांचं नाव, पुढे 'विश्वासार्ह' असा शेरा आणि खाली बाईंची सही. त्या दिवशी काउंटरवर रांग होती. ते नाव वाचून त्यांनी उभ्याउभ्याच सही केली होती. चालत जाऊन काहीही पाहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात विभागप्रमुखांनी फोनवर सहज विचारलं होतं, "ती तपासणीपत्रं किती वर्षं ठेवता हो तुम्ही?" त्या सहजपणाचा अर्थ बाईंना आता, या खोलीत लागत होता.

"बघा बरं, बाई," विभागप्रमुख म्हणाले. मग परीक्षकांकडे वळून, "बावीस वर्षं झाली यांना. चुकीच्या कागदावर यांची सही झालेली आम्ही कुणी पाहिली नाही."

आवाज मऊ होता, जवळजवळ मायेचा. त्यातली तंबी बाईंना नेमकी कळली.

त्यांनी फाइल उघडली. तिसऱ्या कागदाचा कोपरा बोटाखाली आला आणि मागे गेला. त्या शेवटपर्यंत गेल्या. मग बघणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा पहिल्यापासून चाळत आल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "या संदर्भाची तपासणी माझ्याकडे झालेली दिसत नाही."

मुलीने चेहरा वर केला. त्यावर राग नव्हता. घरात चष्मा कुठे ठेवला ते आठवताना माणसाचं तोंड होतं, तसं तिचं झालं होतं.

"न तपासणं समजू शकतो," परीक्षक लिहिता लिहिता म्हणाले. "पण ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं? प्रबंधासाठी मागितलेली मुदतवाढ मी नाकारतो आहे. महिनाअखेर नोंदणी संपेल."

"पोरगी कष्टाळू आहे हो," विभागप्रमुख म्हणाले आणि भिंतीवरचा प्रकाश बंद केला.

लांब व्हरांड्यात तिने बाईंना गाठलं. चालून तिला धाप लागली होती.

"बाई, हरवला असेल कागद. एवढे कागद असतात तुमच्याकडे. मनाला लावून घेऊ नका."

बाईंनी फाइल छातीशी घट्ट धरली.

"आईला ओरडून सांगावं लागतं ना," मुलगी ओढूनताणून हसली. "अख्ख्या शेजाराला आधी कळेल, तिला सगळ्यात शेवटी." मग ओढणीने नाक पुसून ती म्हणाली, "पण मी परत शोधणार आहे. खरे कान कुणीतरी, कुठेतरी तपासले असतीलच की. या वेळी घाई नाही करणार. नोंदणी नसली तरी ग्रंथालयात बसू द्याल ना मला? तुमच्या समोरच्याच टेबलाशी बसेन. म्हणजे कुठे चुकले, तर तुम्ही लगेच सांगाल."

ग्रंथपालबाईंनी चष्मा सारखा केला आणि त्या जिन्याकडे चालू लागल्या.