परातीतला चष्मा

टक्.

दुपारी दोनला लाइट गेली होती. कूलर गप्प झाला तशी सगळी गल्लीच गप्प झाल्यासारखी वाटत होती. सारिका पलंगावर मांडी घालून अकरावीचे इतिहासाचे पेपर तपासत बसली होती. पुनम आतल्या खोलीत झोपली आहे, या भरवशावर तिने गठ्ठा सोडला होता. आतून परत तोच आवाज आला. टक्. मग जरा वेळाने, टक्.

तो आवाज तिने लगेच ओळखला. जुन्या पद्धतीची, स्प्रिंगची, चष्म्याची डबी. झाकण अर्ध्यावर आलं की आपोआप मिटतं ती. लाल पेन हातात तसंच घेऊन ती उठली.

आत पुनम जमिनीवर फतकल मारून बसली होती. पाच वर्षांच्या पोरीने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली होती. अंगरखे, कमरबंद, लाकडी तलवारी, सगळं फरशीवर पसरलं होतं. तळाशी, चुकांच्या वहीखाली ठेवलेली तपकिरी डबी तिच्या हातात होती.

"मम्मी, नानांचा चष्मा," पुनम म्हणाली. "आपल्याकडेच होता."

सारिका तिच्याजवळ खाली बसली. अडीच महिने ती डबी तिथे होती, हे तिला माहीत होतं. रोज माहीत होतं. भाकरी थापताना माहीत होतं, वर्गात फळ्याकडे वळताना माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "चल, देऊन येऊ."

बोरगढी हे पारोळ्यापासून आठ किलोमीटरवरचं गाव. गढी म्हणजे आता चार बुरुजांपैकी दीड बुरुज, एक दरवाजा आणि अकरा पायऱ्या. पण दर माघात गाव त्या गढीची लढाई उभी करतं. दोनशे वर्षांपूर्वी कंपनीचं सैन्य चालून आलं आणि गढीतल्या मूठभर माणसांनी तीन दिवस दरवाजा सोडला नाही, अशी गावाची आठवण. शाळेतले पी.टी.चे सर प्रेमराज भाऊ गढीचे किल्लेदार होतात. बाकी ज्याला जे मिळेल ते. कंपनीचा शिपाई व्हायला मात्र कुणी तयार नसतं. दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात आणि ज्याची चिठ्ठी निघते तो घरी जाऊन दोन दिवस बोलत नाही.

सारिका जळगावची. इतिहासात एम.ए. करून युवराजच्या घरात आली, पारोळ्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली आणि लग्नानंतरच्या पहिल्याच माघात गढीच्या पायथ्याशी उभी राहून तिने डोक्याला हात लावला. मावळ्यांच्या पायात स्पोर्ट शूज. अंगरख्याला पाठीमागून चेन. सगळ्यांच्या डोक्याला एकाच थानातले भगवे फेटे, जशी काही नवरदेवाची वरात. बुरुजावर पाण्याची बाटली, तिच्यावर कंपनीचं लेबल, म्हणजे ईस्ट इंडिया नव्हे, दुसऱ्या कंपनीचं. मेलेली माणसं तर बघवत नव्हती. एक मेलेला डोळ्यांवर आडवा हात धरून ऊन चुकवत होता, दुसरा मेल्या मेल्या शेजारच्या मेलेल्याला तंबाखू मळून देत होता.

"वहिनी, तुम्हीच घ्या हे हातात," प्रेमराज भाऊ म्हणाले होते. त्यांनी ते हसत म्हटलं, तिने खरंच घेतलं.

तेव्हापासून कुणाचं काय चुकलं ते टिपायची चुकांची वही सुरू झाली आणि परात सुरू झाली. लढाईआधी एकेकाने गढीच्या पायरीशी यायचं, सारिकासमोर उभं राहायचं आणि आजचं जे जे काही अंगावर असेल ते परातीत टाकायचं. घड्याळ, मोबाइल, गॉगल, गुटख्याची पुडी, गाडीची किल्ली. लढाई संपली की ज्याचं त्याने उचलायचं. लोक तिला 'कस्टम' म्हणायचे. "चला रे, कस्टमले तोंड दाखाडा," असं ओरडत पोरं रांगेत यायची. तिला आवडायचं ते. अजून नीट गावाची झालेली नव्हती ती, परातीमुळे झाली.

आधार नाना युवराजचे चुलते. तीन घरं सोडून राहायचे. तीस वर्षं पारोळ्याच्या एका जिनिंगच्या गेटवर रात्रपाळी केलेला माणूस, तेव्हा गढीचा पहारेकरी दुसरं कोण होणार. भाला घेऊन सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहायचं, तोफेचा आवाज झाला की खाली धावत यायचं, दरवाज्याजवळ ललकारी द्यायची आणि गोळी लागून पडायचं. सोळा वर्षं हाच पार्ट. नाकावर जाड भिंगांचा काळ्या काडीचा चष्मा. त्याला कुणी कधी हरकत घेतली नव्हती, सारिकानेही नाही. नाना म्हटलं की चष्मा आलाच.

मग गेल्या वर्षीच्या लढाईचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर टाकला. तो पार कुठे कुठे गेला. खाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'पहारेकऱ्याचा नंबर कंपनीच्या डॉक्टरने काढून दिला का?' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची ही रांग. सारिकाने ती रांग पुन्हा पुन्हा मोजली. एम.ए.च्या वेळची एक मैत्रीणही त्यात हसत होती.

यंदा नाना रांगेत आले तेव्हा परात पुनमच्या हातात होती. तिने तो मान हट्टाने मागून घेतला होता. घड्याळं वाढली की परात जड व्हायची आणि ती पोटाचा टेकू द्यायची.

"नाना, चष्मा," सारिका म्हणाली.

नानांना वाटलं ती थट्टा करते आहे. ते हसले. मग हसणं जरा कमी झालं.

"माले चष्माबिगर पायऱ्या दखातस नही, माय."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, नाना. सोळा वर्षं त्याच पायऱ्या आहेत. तुमचे पाय ओळखतात त्यांना."

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, "नाना, कस्टम सोडत नसतं." नानांनी सारिकाकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. आपण ड्यूटीवर असताना साहेबाने सांगितलं की करायचं असतं, अशा नजरेने. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, डबीत घातला, डबी टक् करून मिटली आणि वाकून पुनमच्या परातीत ठेवली. चष्मा काढल्यावर त्यांचे डोळे एकदम लहान आणि उघडे दिसले. सारिकाला ते दिसलं होतं. तिने नजर वहीकडे वळवली.

तोफ उडाली. म्हणजे पाइपात सुतळी बॉम्ब. धूर झाला. नाना वरून निघाले, चार पायऱ्या उतरले, आणि पाचवीवर पाय पडला तो पायरीवर पडलाच नाही. भाला एकीकडे, नाना दुसरीकडे. उरलेल्या पायऱ्यांवरून ते घरंगळत दरवाज्यापाशी आले आणि पडून राहिले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या झाल्या. इतकं खरं मरण त्या गढीवर कुणी मेलं नव्हतं. कंपनीचे शिपाई ठरल्याप्रमाणे त्यांच्या अंगावरून पुढे गेले. आणि सारिकाने, गर्दीच्या कडेला उभ्या सारिकाने, वही उघडून पेनने लिहिलं: 'पहारेकरी लवकर पडला. ललकारी राहिली.'

लढाई अजून सात मिनिटं चालली. सात मिनिटं नाना तसेच पडून होते. कण्हले असतील तर तुताऱ्यांत ऐकू आलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून धुळ्याला नेलं. प्रेमराज भाऊ किल्लेदाराच्या पोशाखातच सोबत गेले. दवाखान्यात तानुबाईंनी, नानांच्या बायकोने, पहिलं काय विचारलं तर, "तुमना चष्मा कोठे शे?" नाना गुंगीत होते. पण जवळच सारिका भिंतीला टेकून उभी आहे हे त्यांना कळत असावं.

"घरच ऱ्हाई गया," ते म्हणाले. "घाई मा इसरी गऊ."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण नर्स आली, सही मागितली, कुणीतरी चहा आणला, आणि ते जे उघडलेलं तोंड मिटलं ते अडीच महिने मिटलेलंच राहिलं. ऑपरेशन झालं, नाना घरी आले, वॉकर आला. धुळ्याहून नवा चष्मा करून आणला. तो नाकावरून घसरत राहायचा. सारिका रोज डबा द्यायची, तानुबाईंचे पाय चेपायची, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून द्यायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, सख्खी सून करणार नाही एवढं करते. ते ऐकलं की तिला जेवण जात नसे.

ती पुनमचा हात धरून नानांच्या ओट्यावर आली तेव्हा नाना खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. वॉकर शेजारी, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. तानुबाई मागच्या दारी धुणं वाळत घालत होत्या.

"उनी का पुनी," नाना म्हणाले. "आज शाळाले सुट्टी?"

पुनमने डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. नानांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. उघडली नाही. अंगठा ओळखत होता.

"नाना," सारिका म्हणाली. तिने वाटेत वाक्य जुळवलं होतं, ते आता सापडेना. "नाना, माझ्याकडेच होता. मला माहीत होतं. मी..."

"बठ," नाना म्हणाले.

ती बसली.

"तुनी वही कोठे शे?"

"नाना, वही कशाला?"

"मनी चूक काय लिखनी तू? यंदानी. दर साल सांगस. यंदा सांगंच नही."

वहीतली ती ओळ सारिकाने नंतर खोडली होती, इतकी खोडली होती की मागच्या पानावर उमटली होती.

"काही नाही लिहिलं," ती म्हणाली.

"काहीच नही?" घसरलेल्या नव्या चष्म्यावरून नानांचे ते लहान, उघडे डोळे हसले. "तीनदा तर मी सपनमा ललकारी दिन्ही. पडाना आगोदर देवानी व्हती. ती ऱ्हायनी ना?"

पायाखालच्या शेणाने सारवलेल्या ओट्यावर एक मुंगळा धान्याचा दाणा ओढत होता. सारिकाला वाटलं, यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काठी उगारली असती तरी चाललं असतं.

"आते पुढला साली गेटवर कोण?" नानांनी विचारलं. "आपली गल्लीना झुलालले उभा करा. फक्त त्याले सांगा, पाचवी पायरी फुटेल शे. माले माहीत व्हतं, मी दर साल ती दखी दखी टाळू."

दर साल पाहून पाहून टाळत होते. सोळा वर्षं. आणि ती म्हणाली होती, पाय ओळखतात. सारिकाने पदर तोंडाशी नेला.

"नाना, मी आज काकूंना सांगणार आहे. खरं ते. त्यासाठीच आले."

"कसाले?" नाना हलकेच म्हणाले. "तिले सांगीसन मना पाय जुडी का? ती तुना हातनं पाणी पेस, ते बी बंद व्हई जाई. आम्हले पोर नही, सून नही. तू येस. ते बी जाई." त्यांनी जरा दम घेतला. "ऱ्हाऊ दे, माय."

तेवढ्यात तानुबाई ओले हात पदराला पुसत आल्या. त्यांना डबी दिसली. त्या जागच्या जागी थांबल्या, मग लहान मुलीसारख्या पुढे आल्या.

"माय वं! कोठे सापडना? घर मा बठ्ठं उथलंपाथलं करं मी. देव्हारा बी सोडा नही."

सारिका उठून उभी राहिली. आता. आता म्हणायचं.

"मना जुना कोटना खिसामा व्हता," नाना म्हणाले, अगदी सहज. "पुनीले सापडना. म्हनत नव्हतू का तुले, घरच ऱ्हाई गया."

तानुबाई हसल्या. त्यांनी डबी उघडली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि नानांच्या नाकावर चढवला. नवा घसरणारा चष्मा त्यांनी खाटेवर टाकला. नाना सारिकाकडे पाहत होते. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे पुन्हा मोठे, ओळखीचे झाले होते. त्यांनी किंचित मान हलवली, म्हणजे बस, झालं.

आणि सारिकाला हलकं वाटलं. तेवढ्या एका क्षणापुरतं, लाज वाटण्याच्या आधी, तिला खरंच हलकं वाटलं. हे तिला पुढे कधीही विसरता येणार नव्हतं.

"पोरीना हात गुणना शे," तानुबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, गुळाचा खडा घेऊन आल्या आणि पुनमच्या तळहातावर ठेवला. "खाय, बेटा. चष्मा शोधी दिना तू नानाना."

पुनमने गूळ खाल्ला नाही. ती खाटेच्या पायाशी उभी होती, कपाळाला आठी घालून, परात धरली होती त्या दिवशी उभी होती तशीच पोट पुढे काढून. तिने नानांकडे पाहिलं, तानुबाईंकडे पाहिलं, आणि मग आईचा पदर ओढला.

"मम्मी, नानांनी चष्मा तर माझ्या परातीत ठेवला होता ना, तू सांगितलं म्हणून. मग तो घरी कसा राहिला?"