रमाची ओवाळणी

मनिषाने पासबुक काचेखालून आत सरकवलं आणि भावाने मस्कतहून यंदा बँकेतून पाठवलेली भाऊबीज परत का गेली, असं विचारलं. दुसऱ्यांदा परत गेली होती.

पनवेलच्या शाखेतली आभा मॅडम नवी होती, पण चिडकी नव्हती. तिने स्क्रीन वळवून दाखवला. पाठवणाऱ्याने नाव घातलं होतं रमा, आणि खातं होतं मनिषाचं. पूर्वी खातेक्रमांक जुळला की भागायचं. आता दोन्हीकडच्या बँकांनी मिळून एकच साचा ठरवला होता, आणि त्या साच्यात माणसाला एकच नाव असतं.

“रमा कोण?” आभाने विचारलं.

“मीच.”

शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला, कमळाकरला, राहवेना. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मनिषा हे नाव त्याने स्वतः लिहिलं होतं, हे त्याने मॅडमला कौतुकाने सांगितलं. मस्कतच्या बँकेला ते ताट दाखवायची सोय नव्हती, एवढीच काय ती अडचण.

उपाय सोपा होता. भावाने मनिषा लिहायचं, की झालं.

मनिषाने मान हलवली आणि पासबुक पिशवीत ठेवलं. माहेरी चिरनेरला आईवडील गेल्यापासून तिला रमा म्हणणारा भाऊ प्रभाकर एकटाच उरला होता. न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवायचा, तेव्हा भाऊबीजेला बेलपाड्याच्या गल्लीच्या तोंडापासूनच रमा, रमा करत यायचा. सासरची माणसं हसायची. मस्कतला गेल्यावर ओवाळणी कुणा येणाऱ्याच्या हाती पाठवायचा, पाकिटावर तेच नाव. तेवढंच माहेर उरलं होतं तिला. पण भावाची ओवाळणी तिसऱ्यांदा परत जाणं काही बरं दिसलं नसतं. बँकेच्या पायरीवर बसून तिने त्याला सासरचं नाव पाठवलं, पासबुकात होतं तसंच.

आठवड्याभरात पैसे जमा झाले. संध्याकाळी प्रभाकरचा फोन आला.

“मनिषा, मिलाली का गो ओवाळणी?”

तो जपून बोलत होता. बँकेने दोनदा फटकारल्यावर त्याने नाव चांगलंच घोकलं असावं.

तिने फोन या कानावरून त्या कानाला लावला. आतल्या खोलीत कमळाकर बातम्या ऐकत होता. ती उठून ओटीवर आली.

“मिलाली, दादा,” ती म्हणाली. “पन मी रमा हाय.”