सहाचा आकडा

पेन्सिलीच्या मागे खोडरबर उरलंच नव्हतं, नुसती पत्र्याची कडी... आणि ती कागदावर घासली की सहाचा आकडा पुसला जायच्याऐवजी जास्तच काळा व्हायचा. एझ्रा प्रुइट, पुढे सहा. बेसबॉलच्या यादीत सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. खरं तर चार लिहायचं ठरवूनच लिंडक्विस्ट बसला होता, पण हाताने परस्पर सहा लिहिलं — हाताचा तरी काय दोष, अकरा वर्षं व्यावसायिक संघांतून तो त्याच जागेवर उभा राहिला होता, आणि आता नेब्रास्कातल्या या कॉलेजच्या पोरांना तीच जागा शिकवत होता. झकास शिकवत होता. त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

एझ्राच्या खांद्याबद्दलही नव्हती. खांदा गेला होता. शॉर्टस्टॉपवरून पहिल्या बेसपर्यंतची लांब फेक आता टप्पा खाऊन पोचायची. सेकंड बेसवर, चार नंबरला, फेक जवळची. तिथे पोरगा अजून सोनं होता.

सामन्याआधी कोण कुठे खेळणार याची यादी डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या शेडच्या, भिंतीवर लागते, आणि खेळाडू पाणी प्यायला आल्यासारखं करून ती वाचतात. एकोणतिसाव्या वर्षी लिंडक्विस्टने स्वतःच्या नावापुढे असंच चार वाचलं होतं. त्याचा तेव्हाचा मॅनेजर हॅस्केल पाठमोरा बसून सूर्यफुलाच्या बिया चावत होता, वळलासुद्धा नाही... भेकड! आपण असं कधीच करायचं नाही, हे त्याने तिथेच ठरवलं होतं.

नवा कागद घेऊन त्याने चार लिहिलं आणि तो मैदानावर गेला. एझ्रा ग्लव्हची वादी दातांनी आवळत होता.

"एझ्रा, आज तू सेकंडला."

"खांदा?"

"खांदा."

"ओळखलं होतं, कोच. म्हटलं बघू, तोंडावर सांगतात की भिंतीवर चिकटवतात." डोळे भरले होते, आवाज मात्र तिरका. "रागवायची परवानगी आहे ना?"

"रागव की! मी वीस वर्षं रागावलोय."

यादी लावून तो बाकावर बसला, बिया तोंडात टाकल्या. जमलं होतं. हॅस्केलला जे जमलं नाही ते आपण दोन वाक्यांत केलं... मागे नळ वाजला. एझ्राच, त्याचा बूट लिंडक्विस्ट आवाजावरून ओळखायचा. सांगूनही पोरगा यादीसमोर थांबला होता — पेल्यात पाणी न घेता, बराच वेळ. वळावं, दोन शब्द बोलावेत, असं लिंडक्विस्टला अगदी मनापासून वाटलं. पण मान वळेना. गाल ओले झाले होते, बी चावता येत नव्हती, आणि हा असला चेहरा त्या पोराला दाखवायचा कसा...

हॅस्केलचा चेहरा त्या दिवशी आपण पाहिलाच नव्हता.